आठव्या महिन्यात वाढलेला रक्तदाब: इंदूरमधील एका रुग्णेचे प्रकरण

गर्भारपणाच्या अखेरच्या टप्प्यात वाढलेला रक्तदाब गोळ्यांनी खाली आणता येतो, परंतु ज्या आजारामुळे तो वाढतो, तो प्रीएक्लॅम्पसिया हा गर्भारपणातील आजार गोळ्यांनी बरा होत नाही. डॉक्टरांना हे पाठ असते. घरी मात्र आकडा उतरला की दुखणे गेले असेच धरले जाते आणि त्याच दिलाशात पुढची लक्षणे ऍसिडिटी, थकवा, जागरण अशा नावांखाली झाकली जातात. प्रस्तुत प्रकरणात हा दिलासा दोनदा आड आला, एकदा प्रसूतीपूर्वी आणि एकदा प्रसूतीनंतर. रुग्णेच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ते येथे सविस्तर मांडत आहे.

पूर्वेतिहास आणि सुरुवातीच्या नोंदी

रुग्णा ३१ वर्षांच्या, पेशाने शिक्षिका, रामबागेच्या परिसरातील एका मराठी एकत्र कुटुंबात राहणाऱ्या. हे त्यांचे पहिलेच गर्भारपण होते. सुरुवातीच्या तपासण्या माहेरी, देवासला झाल्या होत्या आणि आमच्याकडे त्या प्रथम आल्या तेव्हा विसावा आठवडा संपत आला होता. बाराव्या आठवड्यातील रक्तदाबाची नोंद ११०/७० होती, हिमोग्लोबिन १०.६ होते, साखर आणि थायरॉइड व्यवस्थित होते.

कार्डावर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात 'वडिलांना बीपी, सासऱ्यांना मधुमेह' असे लिहिलेले होते. सासऱ्यांच्या मधुमेहाचा सुनेच्या गर्भारपणाशी काहीही संबंध नाही. ज्या गोष्टीचा अगदी जवळचा संबंध होता, ती कुठेच नव्हती. तेहतिसाव्या आठवड्यात लेकीजवळ थांबायला आलेल्या आईंनी सहज सांगितले, "हिच्याच वेळी मला झटके आले होते, दोन दिवस शुद्ध नव्हती." आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार झालेला असेल, तर मुलीला तो होण्याची शक्यता वाढते. घरात कुणाला बीपी आहे का, एवढ्या मोघम प्रश्नातून हे उत्तर कधीच बाहेर येत नाही. तुमच्या आईच्या किंवा बहिणीच्या बाळंतपणात बीपी वाढले होते का, झटके आले होते का, असे थेट आणि पहिल्याच भेटीत विचारावे लागते. पहिले गर्भारपण आणि आईचा हा इतिहास एकत्र धरला असता, तर बाराव्या आठवड्यापासून रात्री ऍस्पिरिनची लहान मात्रा सुरू करण्याचा विचार नक्की झाला असता. ही गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तरच तिचा खरा उपयोग होतो, कारण वारेच्या रक्तवाहिन्यांची घडण त्याच काळात होत असते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्तदाब १२४/८० होता, बत्तिसाव्यात १३४/८६. यांतील एकही आकडा उच्च रक्तदाबाच्या १४०/९०च्या व्याख्येत बसत नाही. तरीही ११०/७० वरून १३४/८६ पर्यंतचा चढ आणि दोन आठवड्यांत वाढलेले सव्वादोन किलो वजन पाहून पुढची भेट दोन आठवड्यांऐवजी एका आठवड्यावर आणली. पायांवरची सूज गर्भारपणात बहुतेकींना येते आणि केवळ तिच्यावरून काही ठरवता येत नाही. परंतु रुग्णेने स्वतःहून सांगितले की, हातातल्या काचेच्या बांगड्या आता साबण लावूनही निघत नाहीत. हातांवर आणि चेहऱ्यावर चढत जाणारी सूज व तिच्या जोडीला झपाट्याने वाढलेले वजन ही वेगळी बाब आहे.

तेहतिसावा आठवडा

तेहतीस आठवडे तीन दिवसांवर रक्तदाब १४८/९६ भरला. रुग्णेला पाच मिनिटे स्वस्थ बसवून, पाठीला आधार, पाय जमिनीला टेकलेले, दंड हृदयाच्या पातळीवर आणि दंडाच्या घेराला साजेसा पट्टा, अशा रीतीने तो मोजला होता. कुशीवर झोपवून वरच्या हाताचा रक्तदाब घेण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या स्थितीत दंड हृदयाच्या वर जातो आणि आकडा खोटा कमी येतो. चार तासांनी पुन्हा मोजला तेव्हा १५०/९६ आला. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन दोन प्लस होते आणि प्रथिने व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ०.८ होते, म्हणजे ०.३ या मर्यादेच्या बरेच वर. प्लेटलेट १ लाख ६८ हजार, यकृताची एन्झाइम आणि क्रिएटिनिन व्यवस्थित होते. सोनोग्राफीत बाळाचे अंदाजे वजन पावणेदोन किलो, म्हणजे त्या आठवड्याच्या मानाने खालच्या बाजूला होते. गर्भजल पुरेसे होते आणि नाळेतील रक्तप्रवाहाचा डॉपलर समाधानकारक होता. डोकेदुखी नव्हती आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत नव्हते. निदान प्रीएक्लॅम्पसियाचे झाले, अजून तीव्र लक्षणे नसलेल्या प्रीएक्लॅम्पसियाचे.

दाखल करून रक्तदाब उतरवणारे लॅबेटालॉल १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा सुरू केले आणि दोन दिवसांत ते २०० मि.ग्रॅ. तीनदा इथवर वाढवले. बाळ चौतीस आठवड्यांच्या आत जन्मण्याची शक्यता गृहीत धरून त्याच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची ६ मि.ग्रॅ.ची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी दिली. सासूबाईंनी जेवणातले मीठ बंद केले होते, ते पुन्हा सुरू करायला सांगितले, कारण या आजारात मीठ तोडल्याने फायदा होत नाही. दिवसरात्र अंथरुणाला खिळून राहण्याचाही फायदा नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय वाढते. लघवी वाढवणारी गोळी सूज उतरवण्यासाठी देऊ नये, हे येथे मुद्दाम नोंदवतो. या रुग्णांच्या अंगावर पाणी दिसत असले तरी रक्तवाहिन्यांच्या आत ते कमीच असते आणि ते आणखी कमी केले तर वारेचा पुरवठा आटतो.

घरी जाण्याचा प्रश्न

चौथ्या दिवशी रक्तदाब १३०/८४ वर स्थिरावला आणि घरच्यांनी सुटी मागितली. मागणी अवाजवी नव्हती. तीव्र लक्षणे नसतील, घर जवळ असेल आणि तपासण्या नियमित होणार असतील, तर अशा रुग्णेला घरी ठेवता येते. माझी हरकत सुटीला नव्हती, सुटीमागच्या समजुतीला होती. रुग्णेचे यजमान म्हणाले, "डॉक्टर, बीपी नॉर्मल आलं, म्हणजे आता गोळी कमी करता येईल ना?" त्यांना शांतपणे बसवून आजाराची मुळापासून माहिती देणे भाग होते.

गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतील बारीक, वळणदार रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद आणि सैल करतात, म्हणजे पुढे बाळाला लागणारा मोठा प्रवाह त्यांतून विनासायास वाहू शकतो. हे काम अर्धवट राहिले, तर आठव्या-नवव्या महिन्यात बाळाची गरज वाढते, पण वाहिन्या अरुंदच राहतात. उपाशी राहिलेली वार मग आईच्या रक्तात असे घटक सोडते की, त्यांच्यामुळे आईच्या सर्वांगातील रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते. मूत्रपिंडात ते बिघडले की लघवीतून प्रथिने जातात, यकृतात बिघडले की बरगडीखाली दुखते, मेंदूत बिघडले की झटके येतात. रक्तदाब हा त्याच बिघाडाचा आपल्याला सहज मोजता येणारा भाग आहे. लॅबेटालॉल वाहिन्या सैल करून आईला पक्षाघातापासून वाचवते, आणि ते काम लहान नाही. परंतु वारेत जे चालले आहे त्यावर तिचा कसलाही ताबा नाही. आजार उतरणीला लागतो तो वार बाहेर पडल्यावर, आणि तोही लगेच नाही.

हे समजल्यावर मागणी तीच राहिली, पण घरी पाहण्याच्या गोष्टी बदलल्या. चौतीस आठवडे दोन दिवसांवर सुटी दिली. रक्तदाब घरी सकाळ-संध्याकाळ, रक्त व लघवीची तपासणी आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख आठवड्यातून दोनदा, सोनोग्राफी व डॉपलर ठरलेल्या दिवशी, आणि सारे ठीक राहिले तर सदतिसावा आठवडा पूर्ण होताच कळा आणणे, असा बेत होता. घरचे डिजिटल यंत्र दवाखान्यात आणवून हाताने मोजण्याच्या यंत्राशी ताडून पाहिले, तेव्हा ते वरचा आकडा आठ-दहाने कमी दाखवत होते. बाजारातील बरीच यंत्रे या आजारात कमी आकडा दाखवतात. म्हणून घरासाठी सावधतेची सीमा १४० ऐवजी १३० ठरवली.

सोबत एक पान लिहून दिले. पुढच्या बाजूला मराठीत, कारण दुपारी घरी फक्त सासूबाई असतात आणि त्या मराठीच सवयीने वाचतात. मागच्या बाजूला हिंदीत, कारण रात्री १०८च्या गाडीवरील कर्मचाऱ्याच्या हाती तेच पान पडू शकते. पानावर डोकेदुखी, नजरेत बदल, धाप लागणे, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे हे सगळे होतेच. सर्वांत वर मात्र 'छातीच्या खाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे, मळमळ किंवा उलटी: ऍसिडिटी समजू नये, बीपी कितीही असो, लगेच यावे' असे ठळक लिहिले होते. हे लक्षण सर्वांत वर ठेवण्याचे कारण एवढेच की, घरगुती उपाय नेमका याच लक्षणावर सर्वांत आधी होतो.

पोटाच्या वरच्या भागातील दुखणे

पस्तीस आठवडे पाच दिवस झाले होते. रात्रीच्या जेवणानंतर रुग्णेला छातीच्या खाली जळजळ सुरू झाली आणि एक उलटी झाली. सासूबाईंनी थंड दूध दिले. घरच्या यंत्रावर रक्तदाब १४२/९० होता. यजमानांनी फ्रिजवर चिकटवलेले पान वाचले आणि दूध पोटात ठरते का हे पाहत न बसता गाडी काढली. त्यांच्या या निर्णयाचे मोल पुढच्या तपासण्यांवरून कळते.

दाखल होताना हाताने मोजलेला रक्तदाब १६४/११२ होता आणि पंधरा मिनिटांनी तेवढाच. उजव्या बरगडीखाली दाबल्यावर दुखत होते. गुडघ्याची प्रतिक्षेप क्रिया नेहमीपेक्षा जोरकस होती. रक्ताचे अहवाल तासाभरात आले: प्लेटलेट ९२ हजार, यकृताची एन्झाइम एसजीओटी १४८ व एसजीपीटी १३२, रक्तपेशी फुटल्यावर वाढणारे एलडीएच ६४०. रक्तपेशी फुटणे, यकृताची एन्झाइम वाढणे आणि प्लेटलेट घटणे या तिन्ही गोष्टींना मिळून हेल्प सिंड्रोम म्हणतात. रुग्णेचे अहवाल त्यातच बसत होते.

अहवालांची वाट न पाहता पहिल्या काही मिनिटांतच रक्तदाब उतरवणारे निफेडिपिन १० मि.ग्रॅ. गिळायला दिले. १६०/११० किंवा त्याहून अधिक रक्तदाब टिकून असेल, तर तो अर्ध्या ते एका तासात उतरू लागला पाहिजे, अन्यथा आईच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शिरेतून लॅबेटालॉल हाही तितकाच योग्य पर्याय आहे; पण त्या एरवी लॅबेटालॉल घेतच होत्या आणि निफेडिपिन हाताशी होते. तोंडावाटे दिलेली साधी औषधे या कामी पुरी पडतात हे नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत जवळपास ९०० स्त्रियांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे. निफेडिपिन, लॅबेटालॉल आणि मिथाइलडोपा या तिन्ही औषधांनी बहुतेकींचा रक्तदाब सहा तासांच्या आत आटोक्यात आला होता. ज्या रुग्णालयात रात्री शिरेतून द्यायची औषधे आणि मॉनिटर नसतात, तेथील डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते. कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकण्याची जुनी रीत मात्र सोडून दिली पाहिजे. तिने रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि बाळाचा पुरवठा तुटतो. वीस मिनिटांनी १६०/११० होता, म्हणून २० मि.ग्रॅ. आणखी दिले, त्यानंतर १४८/९८ झाला आणि तेथेच थांबलो. आणीबाणीत तो १२०/८० वर नेण्याचा हट्ट धरायचा नसतो.

मॅग्नेशियम सल्फेट त्याच वेळी सुरू झाले. ते रक्तदाबाचे औषध नाही, झटके टाळण्याचे आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत, ३३ देशांतील १० हजारांहून अधिक स्त्रियांच्या निरीक्षणातून, त्याने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते हे सिद्ध झाले. आपल्याकडे सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत खोलवर प्रत्येकी ५ ग्रॅम देतात. येथे प्लेटलेट घसरत होत्या आणि स्नायूत मोठे इंजेक्शन दिल्यास तेथे रक्त साकळण्याचा धोका होता. म्हणून ४ ग्रॅम सलाइनमधून वीस मिनिटांत आणि पुढे पंपाने ताशी १ ग्रॅम, अशी केवळ शिरेची पद्धत घेतली. मॅग्नेशियमच्या अतिरेकावर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा मिलिची कुपी उशाशी ट्रेमध्ये सिरिंजसह ठेवली. सर्व मिळून सलाइन ताशी ८० मिलिच्या वर जाऊ दिले नाही, कारण या आजारात जास्तीचे पाणी फुप्फुसांत उतरते.

प्रसूती

चौतीस आठवडे उलटल्यावर अशी लक्षणे दिसली, तर रुग्णेला स्थिर करून बाळंतपण उरकणे हाच उपचार आहे; आणखी थांबून बाळाला मिळणारे काही दिवस आईच्या जिवावर पडतात. घरच्यांनी साहजिकच सिझेरियनचा आग्रह धरला. परंतु केवळ प्रीएक्लॅम्पसिया हे सिझेरियनचे कारण ठरत नाही, आणि घटत्या प्लेटलेटमध्ये पोट उघडण्यापेक्षा नैसर्गिक प्रसूतीत रक्तस्राव आटोक्यात ठेवणे सोपे असते. गर्भाशयाचे तोंड मऊ झाले होते, दोन बोटे सैल होते आणि बाळाचे ठोके उत्तम होते. कळा आणण्याचे ठरले. मात्र सहा तासांनी प्लेटलेट पुन्हा तपासायच्या आणि त्या फार घसरल्या किंवा ठोके बिघडले तर लगेच शस्त्रक्रिया, हेही त्याच वेळी कागदावर लिहून घरच्यांची सही घेतली. रक्त व प्लेटलेट राखून ठेवल्या, नवजात शिशुतज्ज्ञांना कळवले.

सहा तासांनी प्लेटलेट ८१ हजार होत्या. त्यानंतर थोड्या वेळाने, सकाळी, २०५० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली आणि लगेच रडली. वार पडल्यावर गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन दिले. केसपेपरच्या पहिल्या पानावर 'मेथरजिन देऊ नये' असे लाल शाईत लिहून ठेवले होते. रक्तस्राव थांबवण्याचे हे औषध रक्तदाब एकदम चढवते आणि घाईच्या क्षणी सवयीने तेच हातात येते. रक्तस्राव बेताचाच झाला.

बाळंतपणानंतर

मॅग्नेशियम प्रसूतीनंतर २४ तास चालू ठेवायचे होते. दर तासाला सिस्टर गुडघ्यावर हातोडी टेकवून पाय उडतो का पाहत, मिनिटाला किती श्वास ते मोजत आणि पिशवीतील लघवी मोजपात्रात ओतून तक्त्यावर लिहीत. हे तीन आकडे असले की मॅग्नेशियमची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण अतिरेक होऊ लागला तर श्वासाच्या आधी गुडघ्याची प्रतिक्षेप क्रिया जाते. प्रसूतीनंतर चौथ्या-पाचव्या तासाला लघवी सलग दोन तास ताशी २४ मिलि भरली; ती ३०च्या वर हवी. मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटेच बाहेर जाते. अशा वेळी सलाइन जोरात सोडावे किंवा लघवी वाढवणारे लॅसिक्स द्यावे असे हातून चटकन होऊ पाहते. दोन्ही टाळले. गुडघा उडत होता, श्वास १८ होते. पंपाची गती निम्मी केली, क्रिएटिनिन पाहिले, ते ०.९ होते, आणि वाट पाहिली. सहा-सात तासांत लघवी आपोआप वाढली, तेव्हा पंप पूर्वगतीवर आणला.

प्लेटलेट दुसऱ्या दिवशी ६८ हजारांपर्यंत खाली गेल्या आणि मग चढू लागल्या. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामॉलच दिले. तिसऱ्या दिवशी रक्तदाब १३८/८८ होता, प्लेटलेट १ लाख १० हजार होत्या, बाळ अंगावर पिऊ लागले होते आणि घरी षष्ठीपूजनाची तयारी चालली होती. वार पडली, आता बीपीचे काय काम, असे रुग्णेच्या आत्यांनी विचारले. उत्तर चौथ्या दिवशी यंत्रानेच दिले: १५८/१०४. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत रक्तदाब पुन्हा उसळतो, कारण अंगात मुरलेले पाणी त्या काळात रक्तवाहिन्यांत परत येते. झटकेही प्रसूतीनंतर येऊ शकतात. निफेडिपिनची लांब मुदतीची २० मि.ग्रॅ.ची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली आणि ती पुरेना तेव्हा एनालाप्रिल हे रक्तदाबाचे दुसरे औषध ५ मि.ग्रॅ. जोडले. एनालाप्रिल गर्भारपणात पूर्ण वर्ज्य आहे, पण अंगावर पाजताना चालते. षष्ठीपूजन दवाखान्याच्या खोलीत पाटीवर लेखणी ठेवून झाले आणि रुग्णा आठव्या दिवशी, १३४/८६ वर, घरी गेल्या.

खरी अडचण पुढे होती. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही ही रीत इंदूरच्या मराठी घरांत अजून बऱ्यापैकी पाळली जाते, आणि नेमक्या याच काळात रक्तदाब पाहणे व गोळ्या उतरवत नेणे आवश्यक असते. रीत मोडायला सांगून वाद घालण्याऐवजी रक्तदाब घरी जाऊन मोजण्याची सोय केली. नवजात बाळाला पाहायला आशा कार्यकर्ती ठरलेल्या दिवशी, म्हणजे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. सुटीनंतरच्या भेटींत आईचाही रक्तदाब मोजून यजमानांच्या फोनवरून आम्हाला कळवावा, एवढी विनंती केली आणि तिने ती मनापासून पाळली. एकविसाव्या दिवशी ११६/७४ आल्यावर एनालाप्रिल थांबवले, पाचव्या आठवड्यात निफेडिपिन.

सहा आठवड्यांनी रुग्णा स्वतः आल्या तेव्हा रक्तदाब १२२/८० होता आणि लघवीत प्रथिने नव्हती. त्यांना दोन गोष्टी लिहून दिल्या. चौतीस ते सदतीस आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती करावी लागलेल्या स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीला पुढच्या वेळी हा आजार पुन्हा होतो, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच यावे, बाराव्या आठवड्यापासून रात्री ऍस्पिरिन सुरू होईल. दुसरे असे की, पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा संभव अशा स्त्रियांत वाढलेला असतो, म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि लघवी तपासावी. रुग्णेच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आहे. तिच्या कार्डावर आई आणि बहीण दोघींचा इतिहास पहिल्या भेटीतच लिहिला जावा, म्हणून डिस्चार्ज कार्डाची एक प्रत त्यांनी तिच्यासाठी मागून घेतली.